तीन वीस पंचेचाळीस

13 सप्टेंबर 2015, रविवार, दुपारी 3:20

चोवीस तास बाकी.

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत आहेत. मोठ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 36 पट, धाकट्याचं 29 पट. मधलं अंतर 22,700 किलोमीटर. एका फेरीला आठ सेकंद लागतात.

हे सगळं 130 कोटी वर्षांपूर्वी घडून गेलेलं आहे. शेवटच्या क्षणाची वर्दी प्रकाशाच्या वेगानं निघाली ती आता यवतमाळपासून 2,590 कोटी किलोमीटरवर येऊन ठेपली आहे. त्याआधीच्या फेऱ्यांची वर्दी तर केव्हापासून पोचतेच आहे. या नोंदींमधल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत. अंतरं आणि फेऱ्यांचे आकडे फिलिप पीटर्स यांच्या 1964 सालच्या सूत्रावरून काढलेले, ठोकळ. वस्तुमानाचा आकडा चार-पाचने इकडेतिकडे होऊ शकतो. वेळ मात्र ठरलेली आहे. ती सेकंदासह नोंदली गेली.

त्या दिवशी अमावास्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास संपली. यवतमाळ जिल्ह्यात पोळा नुकताच आटोपला होता. गणेश चतुर्थी गुरुवारी होती.

रात्री 9:00

व्हॉयेजर 1 हे यान माणसाने सर्वांत दूर पाठवलेलं यंत्र. ते पृथ्वीपासून जितकं लांब होतं, साधारण 1,990 कोटी किलोमीटर, तितक्या अंतराच्या आत आता ही वर्दी आली आहे.

इथपर्यंत तिला अडवणारं काही नव्हतं आणि इथून पुढेही नाही. गुरुत्वीय लहर ढगातून, डोंगरातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जाते. तिच्या पुढे धावून आगाऊ खबर देईल असा निरोप्याही नाही, कारण प्रकाश तिच्याच वेगाने येतो.

14 सप्टेंबर, सोमवार, रात्री 12:00

15 तास 20 मिनिटं बाकी. अंतर 20,300 किलोमीटर. फेरी 6.8 सेकंद.

अमेरिकेत रविवारची दुपार आहे. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टन इथे आणि वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची दोन यंत्रं उभी आहेत. प्रत्येकाच्या दोन भुजा, काटकोनात, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. भुजांमधून लेसरचा प्रकाश जातो, टोकाच्या आरशावरून परत येतो, आणि दोन भुजांच्या लांबीतला फरक मोजला जातो. पाच वर्षं चाललेली सुधारणा संपली आहे. 17 ऑगस्टपासून चाचणी फेरी सुरू आहे. अधिकृत निरीक्षणाचा मुहूर्त 18 सप्टेंबरचा आहे. इटलीतलं व्हर्गो सुधारणेसाठी बंद आहे. जर्मनीतलं जिओ 600 चालू आहे, पण निरीक्षणाच्या स्थितीत नाही, आणि तेवढं संवेदनशीलही नाही.

या घटकेला पृथ्वीवर जी लहर पोचते आहे तिचं एक आवर्तन साधारण साडेतीन सेकंदांचं आहे. लायगोला दर सेकंदाला दहाच्या खालची आवर्तनं ऐकू येत नाहीत. कारण जमीन. समुद्राच्या लाटा साऱ्या जगाच्या जमिनीला अखंड हलवत असतात आणि ते हलणं नेमकं याच टप्प्यातलं, काही सेकंदांच्या आवर्तनाचं. त्यात जमीन एक मायक्रॉनच्या आसपास सरकते. आत्ता येणारी लहर 4 किलोमीटरच्या भुजेत जो फरक करते आहे तो याच्या दहा लाख कोटींव्या हिश्श्याच्याही खाली आहे.

म्हणजे इशारा येत होता. रविवारीही येत होता, त्याआधीची कित्येक वर्षंही. तो यवतमाळच्या आझाद मैदानातून जात होता तसाच लिव्हिंग्स्टनच्या आरशांतूनही जात होता.

सकाळी 6:05

यवतमाळात सूर्य उगवतो. 9 तास 15 मिनिटं बाकी. अंतर 17,900 किलोमीटर. फेरी 5.6 सेकंद.

तिथे उजेड नाही. आजूबाजूला पेटता वायू असल्याची काही खूण पुढे सापडली नाही. पण मागच्या ताऱ्यांचा प्रकाश त्या दोन विवरांजवळून जातोच, आणि तो कसा जातो ते गणिताने पक्कं सांगता येतं.

36 सूर्यांच्या विवराचं क्षितिज केंद्रापासून 106 किलोमीटरवर. त्याच्या आत गेलेलं काहीही बाहेर येत नाही. केंद्रापासून 160 किलोमीटरवर आणखी एक मर्यादा आहे. तिथे बरोब्बर आडवा आलेला किरण विवराभोवती वर्तुळात फिरू शकतो. एक फेरी, दूरच्या घड्याळाने, 5.8 मिलिसेकंदांची. ही कक्षा टिकाऊ नाही. किरण केसभर आत कलला तर प्रत्येक अर्ध्या फेरीत ती चूक 23 पट होते आणि तो बुडतो. केसभर बाहेर कलला तर तितक्याच झपाट्याने सुटतो. सुटलेल्या प्रकाशाने विवराची जी काळी आकृती उमटते ती क्षितिजापेक्षा बरीच मोठी असते, या विवरासाठी साधारण 550 किलोमीटर व्यासाची.

हे आकडे विवर फिरत नाही आणि त्याच्यावर विद्युतभार नाही असं धरून काढले आहेत. दुसऱ्या गृहीताकडे नीट पाहायला हवं. सगळ्या घटनाक्रमात प्रकाश कुठे दिसला आणि कुठे दिसला नाही, याचा निकाल तिथे लागतो.

सकाळी 9:20

सहा तास बाकी. अंतर 16,000 किलोमीटर. फेरी पावणेपाच सेकंद.

विद्युतभार असलेल्या विवराचं गणित जुनं आहे. हान्स रायस्नर या विमानविद्येतल्या अभियंत्याने 1916 मध्ये आणि फिनलंडच्या गुनार नॉर्डस्ट्रॉमने 1918 मध्ये ते सोडवलं. कृष्णविवर हा शब्दही तेव्हा जन्मायचा होता.

प्रकाशावर स्वतःचा भार नसतो. त्यामुळे विवर धन असो की ऋण, किरणाला ते ओढत नाही आणि ढकलतही नाही. तरीही वाट बदलते. भारित विवराभोवती विद्युतक्षेत्र पसरलेलं असतं, त्या क्षेत्रात ऊर्जा असते, आणि दुरून मोजलेल्या वस्तुमानात ही ऊर्जाही धरलेली असते. किरण जसजसा आत जातो तसतसा या ऊर्जेचा काही हिस्सा त्याच्या मागे, बाहेर राहतो. पुढ्यात उरलेली ओढ तेवढी कमी. म्हणून किरणाला वर्तुळात फिरवायला आणखी आत यावं लागतं.

36 सूर्यांच्या विवरावर मावेल तेवढा भार लादला, म्हणजे सुमारे 6 वर 21 शून्यं इतके कूलोम, तर क्षितिज 106 किलोमीटरवरून 53 वर येतं. प्रकाशाची वर्तुळकक्षा 160 वरून 106 वर. काळी आकृती 550 वरून 425 किलोमीटर व्यासावर. आकृती क्षितिजाइतकी आक्रसत नाही, आणि ज्यांना दुरून भार ओळखायचा आहे त्यांची अडचण तिथेच आहे. भार कमाल मर्यादेच्या तीन दशांश असेल तर वर्तुळकक्षा 160 वरून जेमतेम 156 वर येते. क्षितिज दोन-अडीच किलोमीटरने सरकतं. 

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1983 मध्ये आलेल्या कृष्णविवरांवरच्या ग्रंथात या विवरांची आणखी एक गोष्ट तपशिलात मांडली. भारित विवरावर प्रकाशलहर आदळली तर तिच्यातला काही भाग गुरुत्वीय लहर होऊन परततो. उलटही घडतं. गुरुत्वीय लहरीतून प्रकाश निघतो. भार नसलेल्या विवराजवळ हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळत नाहीत.

तेव्हा प्रश्न साधा आहे. आजच्या दुपारी या दोन विवरांवर भार असेल तर धडकेतून प्रकाश निघायला वाव आहे. नसेल, आणि आसपास वायूही नसेल, तर काहीच दिसणार नाही.

सकाळी 11:10

शेवटची लहर नेपच्यूनच्या सूर्यापासूनच्या अंतराइतकी जवळ आली. 4 तास 10 मिनिटं बाकी. विवरांमधलं अंतर 14,650 किलोमीटर.

भार असण्याची शक्यता किती? प्रोटॉनवर जितकं गुरुत्वाकर्षण चालतं त्यापेक्षा विद्युतबल अवाढव्य मोठं असतं. कमाल भाराच्या दहा हजार कोटी कोटींपैकी एक हिस्सा, दशमानात 10 चा उणे 18 वा घात, इतकाच धनभार विवरावर असला तरी नवा प्रोटॉन आत पडण्याऐवजी मागे ढकलला जातो, आणि इलेक्ट्रॉन धावत येतात. आजूबाजूला विरळ वायू जरी असला तरी विवर फार काळ भारित राहत नाही. वळवाच्या ढगात साठलेला भार कडाडून जमिनीला मिळतो तसाच हा निचरा, फक्त गाजावाजा न करता होणारा.

अर्थात थोडासा भारही निरुपयोगी नसतो. संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी 1985 मध्ये दाखवलं की फिरत्या विवराभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असेल तर पेनरोझ यांनी सांगितलेल्या वाटेने ऊर्जा काढून घेणं कितीतरी सोपं होतं. त्या वाटेत विवराजवळ फुटणाऱ्या कणाच्या तुकड्यांना प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने एकमेकांपासून सुटावं लागण्याची अट गळून पडते. भारित कणांना असा फरक पडतो. प्रकाशाला नाही. एवढ्याशा भाराने अवकाशाची वक्रता बदलत नाही आणि किरणाची वाट तीच राहते.

यातले धुरंधर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत होते. लायगोच्या नोंदींतल्या गोंगाटातून दोन विवरांच्या भ्रमणाची लहर ओळखायची कशी, यासाठी अपेक्षित लहरींचे नमुने आधीच तयार ठेवून ते नोंदीवर ताडून पाहायची रीत त्यांनी आणि सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये मांडली. 2015 च्या सप्टेंबरात हे नमुने ताडण्याचं काम संगणक करत होते. मात्र तातडीच्या शोधात ठेवलेले नमुने न्यूट्रॉन तारा असलेल्या जोड्यांचे होते. प्रकाश दिसण्याची आशा अशाच जोड्यांकडून, म्हणून घाई त्यांच्यासाठी. दोन वजनदार विवरांचे नमुने सावकाशीच्या शोधासाठी राखून ठेवले होते.

निर्णय समजण्यासारखा होता.

दुपारी 1:00

2 तास 20 मिनिटं बाकी. अंतर 12,700 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाइतकं. फेरी 3.3 सेकंद.

65 सूर्यांचं वस्तुमान आता पृथ्वी मावेल एवढ्या फटीच्या दोन बाजूंना आहे. दोन्ही विवरं प्रकाशाच्या चार-पाच टक्के वेगाने फिरतात.

जर्मनीत हॅनोवरला सकाळचे साडेनऊ. तिथल्या अल्बर्ट आइन्स्टाइन संस्थेत सोमवारचं काम सुरू झालं आहे. इशाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्यांमध्ये मार्को द्रागो हा तरुण इटालियन संशोधक आहे. तो पाहतो ती संगणकप्रणाली नमुने ताडत नाही. दोन्ही यंत्रांत एकाच वेळी एकसारखी खळबळ उडाली तर ती टिपून मेल पाठवते, एवढंच तिचं काम.

दुपारी 2:20

एक तास बाकी. अंतर 10,250 किलोमीटर. फेरी 2.4 सेकंद.

दुपारी 2:30

लिव्हिंग्स्टनला पहाटेचे चार.

रॉबर्ट स्कोफिल्ड आणि अनामारिया एफलर रात्रभर यंत्राची परीक्षा घेत आहेत. मुद्दाम आवाज करायचा, मुद्दाम हादरे द्यायचे, चुंबकीय क्षेत्रं निर्माण करायची, आणि यापैकी काय काय यंत्राच्या नोंदीत उतरतं ते टिपून ठेवायचं. निरीक्षण सुरू होण्याआधी हे उरकायला हवं. चाचणी चालू असते तोवर यंत्राची नोंद निरीक्षण म्हणून धरता येत नाही.

यादीतल्या काही चाचण्या बाकी आहेत. दोघं थकले आहेत. पहाटे चारच्या सुमारास ते थांबायचं ठरवतात.

हे त्या दिवसातलं सर्वांत मोठं पाऊल, आणि त्याला कारण फक्त झोप. आणखी तासभर नेट लावला असता तर लिव्हिंग्स्टनची नोंद बाद झाली असती आणि हॅनफर्डची एकटी पडली असती. एकट्या यंत्राच्या नोंदीवर पहिल्याच शोधाचा दावा करायला कोणी धजलं नसतं.

यंत्र शांत झालं. हॅनफर्डही चालू आहे. तिथे रात्रीचे दोन वाजलेत.

दुपारी 2:37

शेवटची लहर गुरूच्या सूर्यापासूनच्या अंतराइतकी जवळ.

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अमेरिकेचा फर्मी उपग्रह गॅमा किरणांचे स्फोट टिपत फिरतो आहे. युरोपचा इंटिग्रलही. भारताचा ॲस्ट्रोसॅट अजून श्रीहरिकोट्यात, जमिनीवर. त्याच्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आकाराला आलेली क्ष-किरण उपकरणं आहेत. त्यांपैकी कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या उपकरणात आयुकाचाही वाटा आहे, आणि तीव्र क्ष-किरणांचा अचानक झालेला स्फोट आकाशाच्या जवळपास कुठल्याही बाजूने आला तरी ते तो टिपू शकतं. उड्डाण 28 सप्टेंबरला सकाळी 10 वाजता. चौदा दिवस उशीर.

दुपारी 3:12:26

शेवटची लहर सूर्याइतक्या अंतरावर, 15 कोटी किलोमीटर. अंतर 6,250 किलोमीटर. फेरी 1.2 सेकंद.

यवतमाळात शाळा सुटायच्या आहेत. कपाशी पात्या-फुलांवर आहे.

दुपारी 3:19:45

एक मिनिट बाकी. अंतर 3,700 किलोमीटर. सेकंदाला दोन फेऱ्या.

चोवीस तासांत 19,000 किलोमीटर कमी झाले. उरलेले 3,700 या एका मिनिटात.

दुपारी 3:20:35

दहा सेकंद. अंतर 2,350 किलोमीटर. सेकंदाला पावणेचार फेऱ्या.

दुपारी 3:20:41

साडेचार सेकंद. लहरीची आवर्तनं सेकंदाला दहापर्यंत पोचली. लायगोच्या ऐकू येण्याची मर्यादा कागदोपत्री इथून सुरू होते. 2015 मध्ये प्रत्यक्षात ती याहून वरच होती.

दुपारी 3:20:44

एक सेकंद. अंतर 1,320 किलोमीटर. सेकंदाला नऊ फेऱ्या. शेवटची लहर चंद्राच्या अलीकडे आली आहे.

एकाची काळी आकृती 550 किलोमीटरची, दुसऱ्याची 445 ची. आता प्रकाशाला दोघांमधून सरळ वाट नाही. एका विवराला वळसा घालून निघालेला किरण दुसऱ्याच्या जाळ्यात शिरतो, तिथून सुटला तर पुन्हा पहिल्याकडे. 2015 मध्येच अँडी बोन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हे चित्र काढलं होतं. प्रत्येक काळ्या आकृतीच्या बाहेरच्या कडेला भुवईसारखी एक बारीक काळी कोर दिसते. ती कोर म्हणजे दुसऱ्या विवराची वळून आलेली सावली. त्या कोरेला आणखी बारीक कोर असते.

तिथे हे पाहायला कोणी नव्हतं. गणित तेवढं खरं.

दुपारी 3:20:45

0.2 सेकंद. आवर्तनं सेकंदाला 35. अंतर 900 किलोमीटरच्या आत. लायगोच्या नोंदीत लहर गोंगाटाच्या वर दिसू लागते.

पुढच्या आठ आवर्तनांत वारंवारता 35 वरून 150 वर जाते. विवरांमधलं अंतर 350 किलोमीटर, वेग प्रकाशाच्या निम्मा. 106 आणि 86 किलोमीटर त्रिज्येची दोन क्षितिजं. मग एकच.

लहर आधी लिव्हिंग्स्टनला पोचली. सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. 4 किलोमीटरच्या भुजांमध्ये जास्तीत जास्त फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाइतका.

36 आणि 29 मिळून 65 व्हायला हवे होते. उरले 62. तीन सूर्यांचं वस्तुमान बहुतांशी त्या शेवटच्या दोन दशांश सेकंदांत लहरींतून निघून गेलं. शिखरावर असताना ही शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाहून जास्त होती. त्यातला उजेड शून्य.

यवतमाळही त्याच काही मिलिसेकंदांत ताणलं गेलं आणि आखडलं. पुसद, उमरखेड, वणी, सगळंच.

0.4 सेकंदांनंतर

फर्मीवरच्या उपकरणात तीव्र क्ष-किरणांची एक क्षीण उसळी नोंदली गेली. टिकली एक सेकंद. कोणाच्या लक्षात आली नाही, कारण ती आपोआप वाजणाऱ्या इशाऱ्याच्या पातळीखाली होती. पुढे शोधल्यावर सापडली. ती निव्वळ योगायोग असण्याची शक्यता 0.0022, म्हणजे साडेचारशेत एक. इंटिग्रलला त्याच वेळी काहीच दिसलं नाही.

दुपारी 3:24

तीन मिनिटांत प्रणालीची मेल हॅनोवरला पोचली. द्रागोने आलेख उघडला. इतका स्वच्छ होता की त्याला तो खरा वाटला नाही.

याला कारण होतं. 16 सप्टेंबर 2010 ला अशीच एक देखणी लहर सापडली होती. व्याध ज्यात आहे त्या बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आली म्हणून तिला ‘बिग डॉग’ म्हणू लागले. सहा महिने शेकडो लोक तिच्यामागे लागले, लेख तयार झाला, आणि मार्च 2011 मध्ये पाकीट उघडून सांगण्यात आलं की लहर आपणच नोंदींत गुपचूप घातली होती, तुम्ही सावध आहात का ते पाहायला. एकदा असं झाल्यावर माणूस पुन्हा लगेच विश्वास ठेवत नाही.

द्रागो शेजारच्या अँड्र्यू लुंडग्रेनच्या खोलीत गेला. दोघांनी मिळून तपासलं. अमेरिकेतल्या नियंत्रणकक्षात फोन लावला. लिव्हिंग्स्टनने उचलला. यंत्र ठीक चाललंय, काही वेगळं घडलेलं नाही. तासाभराने द्रागोने साऱ्या सहकाऱ्यांना मेल टाकली आणि विचारलं, कोणी मुद्दाम लहर घातली आहे का?

कोणी घातली नव्हती. ती व्यवस्था तेव्हा चालूच केलेली नव्हती.

16 सप्टेंबर

लहर येऊन गेल्यावर दोन दिवसांनी दुर्बिणींना पहिली सूचना गेली. तातडीने कळवण्याची यंत्रणा निरीक्षण फेरीसाठी होती आणि फेरी अजून सुरू झाली नव्हती. काही सेकंदांचा, फार तर काही तासांचा उजेड असता, तर तो या दोन दिवसांत विझून गेला असता.

त्यानंतर

दोन्ही यंत्रांच्या मांडणीला महिनाभर कोणी हात लावला नाही. इतकी ठळक लहर निव्वळ गोंगाटातून कितीदा उठू शकते हे ठरवायला तशाच स्थितीतल्या नोंदी हव्या होत्या. उत्तर आलं, दोन लाख तीन हजार वर्षांत एकदा, तेही फार झालं तर. 11 फेब्रुवारी 2016 ला शोध जाहीर झाला.

फर्मीच्या उसळीवर लगेच तर्क सुरू झाले. त्याच वर्षी बिंग झांग यांनी मांडलं की एका विवरावर जरी भार असेल तरी फिरताना तो विद्युतप्रवाहासारखा वागेल आणि धडकेच्या क्षणी प्रकाशाचा झोत निघेल. फर्मीला दिसलं तेवढ्यासाठी कमाल भाराच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या हिश्श्याइतका भार पुरेल. ऐकायला थोडा वाटतो. निचरा सुरू होण्याची पातळी आठवली की तो टिकवणं किती जड आहे ते कळतं. माझा कल योगायोगाकडे आहे. साडेचारशेत एक ही शक्यता लॉटरीच्या मानाने बरीच मोठी असते.

पुढची चाचणी ॲस्ट्रोसॅटने दिली. 4 जानेवारी 2017 ला आणखी दोन विवरांची धडक नोंदली गेली. इटलीच्या अजीले उपग्रहाने तिच्या किंचित आधी क्षीण उसळी दिसल्याचं कळवलं. दुर्बिणींना त्याच भागात एक मावळता प्रकाशबिंदूही सापडला. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी काढल्या. अजीलेच्या उसळीला त्यांत आधार नव्हता. प्रकाशबिंदू होता तो दुसऱ्या दिवशीच्या एका गॅमा किरण स्फोटाचा. दोन विवरांच्या वाट्याला पुन्हा अंधारच.

2021 मध्ये गॅब्रिएले बोझोला आणि वासिलिओस पास्कालिडिस यांनी भारित विवरांची धडक पूर्ण गणिताने संगणकावर घडवली आणि 14 सप्टेंबरच्या नोंदीशी ताडली. निष्कर्ष असा की त्या विवरांवरचा भार कमाल मर्यादेच्या तीन दशांशापर्यंत असता तरी लहरीत फरक ओळखता आला नसता. प्रकाशाच्या वर्तुळकक्षेच्या हिशेबात हा फरक तीन-चार किलोमीटरचा. गुरुत्वीय लहर आजच्या घडीला यापेक्षा बारीक साक्ष देत नाही.

17 फेब्रुवारी 2016 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडिया या भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली, 6 एप्रिल 2023 ला 2,600 कोटी रुपयांची अंतिम. जागा यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. मध्ये पैनगंगा आणि इसापूरचं धरण. तिथलं यंत्रही दर सेकंदाला दहा आवर्तनांच्या खाली बहिरंच असणार. 14 सप्टेंबरसारखी जोडी पुन्हा आली तर हिंगोलीला शेवटचे साडेचार सेकंद मिळतील. दिशा ठरवायला मात्र त्याचा मोठा उपयोग आहे, कारण ते इतर सगळ्या यंत्रांपासून फार दूर आहे.

त्याआधीचा इशारा ऐकायला जमिनीपासून सुटावं लागतं. लिसा हा तीन यानांचा युरोपीय प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये मंजूर झाला, उड्डाण 2035 च्या सुमाराला. अल्बर्टो सेसाना यांनी 2016 मध्येच हिशेब मांडला होता. लिसा असती तर ही जोडी तिला कित्येक वर्षं आधी ऐकू आली असती आणि धडकेची वेळ दहा सेकंदांच्या आत आधीच सांगता आली असती. धडकेच्या साधारण अकरा दिवस आधी आवर्तनं लिसाच्या वरच्या मर्यादेपलीकडे जातात, आणि जोडी तिच्या कानाआड होते. तिथून शेवटच्या पाच सेकंदांपर्यंतचा टप्पा, ज्यात वरच्या बहुतेक सगळ्या नोंदी येतात, ऐकू शकेल असं मंजूर झालेलं एकही यंत्र नाही. या टप्प्यासाठीचा जपानचा डेसिगो प्रकल्प प्रस्तावाच्या पातळीवर आहे.